झाक्सनरिंग : सत्तेचं न ऐकणारा रस्ता



मोटरसायकलच्या शर्यती हा काही व्याख्यानाचा विषय आहे का, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर मला दिसते आहे. ती रास्तही आहे. पण आज मी ज्या रस्त्याबद्दल बोलणार आहे, त्याने एकाच आयुष्यात तीन राजवटी पाहिल्या. प्रत्येक राजवटीने त्याला आपला म्हणून मिरवलं आणि तो कोणाच्याच ताब्यात पुरता राहिला नाही. त्याचं नाव झाक्सनरिंग. जर्मनीच्या झाक्सन प्रांतात, केम्निट्सजवळ होहेनश्टाइन-एर्न्स्टथाल नावाचं एक छोटं गाव आहे. या गावातूनच तो रस्ता जात असे.

‘गावातूनच’ हे मी अगदी शब्दशः म्हणतो आहे. घरांच्या दारांवरून, चढउतारांवरून, शेतांमधून आणि झाडांमधून सुमारे ८.७ किलोमीटरचा एक फेरा व्हायचा. एरवी त्यावरून दूधवाले आणि शाळेची मुलं जायची. शर्यतीच्या दिवसांत तोच रस्ता बंद करून वेगाच्या हवाली केला जाई. २६ मे १९२७ रोजी तिथे पहिली शर्यत झाली. तेव्हा त्या मार्गाला बाडबेर्ग चौकोन म्हणत. पहिल्याच वर्षी लाखाहून अधिक माणसं जमली.

इतकी गर्दी का? कारण हा मुलूखच मोटरसायकलींचा होता. जवळच्या चोपाउ गावात डीकेडब्ल्यूचा कारखाना होता आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तो जगातला सर्वांत मोठा मोटरसायकल कारखाना झाला होता. कठड्याला टेकून शर्यत बघणाऱ्यांत ती यंत्रं घडवणारे हातही असत. समोरून जाणाऱ्या इंजिनाच्या आवाजावरून त्याची तब्येत सांगणारे हे प्रेक्षक होते.

मग नाझी आले. १९३४ मध्ये जर्मन ग्रां प्री इथे भरली आणि १९३७ मध्ये या मार्गाला झाक्सनरिंग हे नाव मिळालं. जर्मन यंत्रांची सरशी जगाला दाखवणं हा सत्तेचा हेतू होता. पण इथला लाडका विजेता होता स्कॉटलंडचा जिमी गथ्री, इंग्लिश नॉर्टन मोटरसायकलवर बसणारा. १९३७ च्या शर्यतीत, शेवटच्या फेरीत, आघाडीवर असताना तो पडला आणि त्यातच गेला. पुढे दोन वर्षांत त्याचा देश आणि जर्मनी एकमेकांवर बाँब टाकू लागले. तरीही गथ्रीचा स्मृतिपाषाण त्या रस्त्याकडेला आजही आहे.

युद्ध संपलं आणि हा प्रांत सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात, पुढे पूर्व जर्मनीत गेला. चोपाउच्या कारखान्यातली यंत्रसामग्री रशियात गेली. त्याच्या आरटी १२५ या गाडीचे आराखडे जेत्यांनी वाटून घेतले. इंग्लंडमध्ये त्यातून बीएसए बँटम झाली. १९५५ साली जपानमध्ये यामाहा कंपनीने आपली पहिली मोटरसायकल काढली, तीही याच गाडीच्या वळणावर. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

चोपाउचा कारखाना एमझेड या नावाने पुन्हा उभा राहिला. तिथे वाल्टर काडेन नावाचा एक अभियंता होता. हाती पैसा तुटपुंजा, सुटे भाग बेताचे. त्याने टू-स्ट्रोक इंजिनाकडे नव्या नजरेने पाहिलं. धूर सोडणारी साधी नळी निव्वळ धूर बाहेर टाकायची. तिला पोट देण्याचं तंत्र काडेनने विकसित केलं : आधी रुंद होत जाणारी, मग एकदम अरुंद होणारी. इंजिनातून सुटलेली दाबाची लाट रुंद भागात शोषण निर्माण करते, त्याने जुना धूर खेचला जातो. पुढे अरुंद भागावर आपटून ती लाट परत फिरते आणि नळीत निसटलेलं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. १९६१ साली त्याच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली. म्हणजे लिटरमागे दोनशे. सुपरचार्जरविना इतकी ताकद त्याआधी कोणी काढली नव्हती.

त्याच वर्षी झाक्सनरिंगला जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचा दर्जा मिळाला. जुलैमध्ये एमझेडच्या एर्न्स्ट डेग्नरने घरच्या प्रेक्षकांसमोर १२५ सीसीची शर्यत जिंकली. समाजवादी राज्याला आणखी काय हवं होतं? पण ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरमध्ये स्वीडनच्या शर्यतीत डेग्नरचं इंजिन फुटलं आणि तो परत आलाच नाही. बायकामुलांना गाडीच्या डिकीतून पश्चिमेकडे आणलं गेलं. डेग्नरबरोबर काडेनची विद्या सुझुकीकडे पोचली आणि १९६२ चं ५० सीसीचं विश्वविजेतेपद त्याने सुझुकीवर मिळवलं. हळूहळू जपानच्या टू-स्ट्रोक गाड्यांना ते पोट आलं. आपल्याकडे १९८५ नंतर घरोघरीच्या पोरांना वेड लावणाऱ्या यामाहा आरएक्स १०० च्या सायलेन्सरचा तो ओळखीचा आवाज आठवा. त्याचं मूळ चोपाउत आहे.

काडेन मात्र तिथेच राहिला. १९६३ मध्ये इंग्लंडच्या माइक हेलवुडने एमझेडवर बसून झाक्सनरिंगची २५० सीसीची शर्यत जिंकली, होंडाला मागे टाकून. गर्दी लाखांच्या घरात असे. जगातले नामवंत स्वार लोखंडी पडद्याआड डोळ्यांनी पाहायला मिळण्याची ती दुर्मिळ संधी होती.

आणि मग ११ जुलै १९७१. २५० सीसीच्या शर्यतीत पहिला आला डीटर ब्राउन : पश्चिम जर्मन स्वार. त्याच्याखाली होती टू-स्ट्रोक यामाहा, म्हणजे चोपाउतून गेलेल्या विद्येचीच नात. नियमाप्रमाणे विजेत्याचं राष्ट्रगीत वाजवणं भाग होतं. पश्चिम जर्मनीचं राष्ट्रगीत वाजू लागलं आणि पूर्व जर्मन प्रेक्षक ते गाऊ लागले. भिंतीच्या या बाजूला, पोलिसांच्या देखत. सत्तेला अशी वेळ पुन्हा नको होती. १९७२ नंतर जागतिक शर्यत या रस्त्यावर झालीच नाही.

पण हे सारं राजकारणाच्या माथी मारून मोकळं होणं प्रामाणिकपणाचं नाही. त्या काळात गाड्यांचा वेग वाढत गेला होता आणि रस्त्याकडेची झाडं, भिंती, खांब जिथल्या तिथेच होते. युरोपातले असे बहुतेक रस्ते याच कारणाने बंद पडले. झाक्सनरिंगच्या जुन्या मार्गावर स्थानिक दर्जाच्या शर्यती चालू राहिल्या, त्या जीवघेण्या अपघातांनंतर १९९० मध्ये थांबल्या. तो निर्णय योग्यच होता. शेजारी बांधलेल्या बंदिस्त ट्रॅकवर १९९८ पासून पुन्हा जागतिक शर्यत भरते आणि पूर्वीसारखीच गर्दी तिथे होते.

मित्रहो, या इतिहासातून मला एकच गोष्ट सांगायची आहे. सत्ता मैदान बांधू शकते, झेंडे लावू शकते, माणसांना भिंतीआड ठेवू शकते. पण शर्यतीचा निकाल घड्याळ देतं आणि दाद गर्दी देते, आणि या दोघांना हुकूम देता येत नाही. म्हणून खेळाचा इतिहास निव्वळ विक्रमांच्या तक्त्यांतून वाचू नका. प्रेक्षक कोणासाठी उभे राहिले, हेही वाचा. आणि आपल्या तरुण मित्रांना एक विनंती : वेग हवा असेल तर तो बंदिस्त ट्रॅकवरच हवा. गावाचा रस्ता गावालाच राहू द्या.