अंगावरचे दूध आणि आठ तासांची पाळी



कामगार चळवळीतल्या माणसाने अंगावरच्या दुधावर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. मला तसे वाटत नाही. मूल घरी, आई यंत्रापाशी. आणि पान्हा काही भोंगा होईपर्यंत थांबत नाही. छाती दाटून येते, पदर भिजतो, शेवटी बाई मोरीत दूध पिळून टाकते. त्याच वेळी घरी बाळाला वरचे दूध चाललेले असते!

काढून ठेवलेले दूध शिळे, ते बाधते, असे वडीलधाऱ्या बायका म्हणतात. पण शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली मातृदुग्धपेढी निघाली. दुसऱ्या मातांचे दूध तिथे तापवून, साठवून अशक्त अर्भकांना दिले गेले. दूध बाधते ते अस्वच्छ हातांनी, अस्वच्छ भांड्याने आणि उन्हाळ्याने. हात साबणाने धुवावेत, झाकणाचे भांडे उकळून घ्यावे, त्यावर तारीख-वेळ लिहावी. पंचवीस अंश उष्म्यापर्यंत दूध चार तास राहते. पण आपल्या वैशाखात पारा तिथे कुठला थांबायला? तेव्हा ते लगेच फ्रीजमध्ये, दारात नव्हे, आत मागच्या बाजूला ठेवावे. तिथे चार दिवस टिकते. घरी नेताना बर्फाची पिशवी हवी. वर साय धरली, खाली निळसर पाणचट दिसले, तर नासले समजून ओतू नका. भांडे हलकेच फिरवले की मिसळते. दूध चुलीवर उकळू नये. कोमट पाण्यात वाटी ठेवली की पुरे. बाळाने उष्टे ठेवलेले दोन तासांनंतर टाकून द्यावे. अपुऱ्या दिवसांचे किंवा आजारी मूल असेल, तर मात्र डॉक्टर सांगतील तेच.

बाटलीवर माझी फारशी श्रद्धा नाही. तिच्या बोंडीत दूध अडकून राहते. वाटी-चमचा बरा, धुवायला सोपा. बाटलीच हवी, तर प्रत्येक वेळी तिचे भाग सुटे करून घासावेत आणि उकळावेत.

आता कायदा. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी प्रसूतिरजेच्या विधेयकाची बाजू मांडली आणि १९२९ साली तो कायदा झाला. पुढे १९६१ चा केंद्रीय कायदा आला. त्याला २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी रजा बारा आठवड्यांची सव्वीस झाली. पन्नास माणसे कामाला असतील तिथे पाळणाघर आणि दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा आली. चांगले झाले. पण तान्हे मूल घेऊन सकाळच्या लोकलमध्ये चढणार कोण? मूल येऊ शकत नाही, तर दूध घरी गेले पाहिजे. आणि त्यासाठी लागणाऱ्या आडोशाच्या खोलीविषयी, फ्रीजविषयी त्या दुरुस्तीत शब्द नव्हता.

एका कारखान्यात आम्ही ही मागणी नेली. फ्रीजला जागा नाही, असे उत्तर आले. आमच्या एका सभासद भगिनीने साहेबांच्या खोलीतल्या, थंड पेयांच्या फ्रीजकडे नुसते बोट दाखवले. त्यातला एक कप्पा मिळाला. आतून कडी लागणारी खोली अजून मिळायची आहे.