विमान बांधायची शाळा



सुतार बैलगाडी बांधतो. लोहार तिच्या चाकाला धाव चढवतो. गाडी आपल्या डोळ्यांदेखत उभी राहते. पण विमान कुणी घरी बांधतं का, असं विचारलं तर आपण हसू. हसू नका. बांधतात. आणि ते कसं बांधावं हे शिकवणारे वर्गही भरतात. आज त्या वर्गाविषयी आपण बोलू.

अमेरिकेत विस्कॉन्सिन नावाचं राज्य आहे. तिथे १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी ह्या वैमानिकाने हौशी लोकांची एक संस्था काढली. एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन हे तिचं नाव. पुढे ऑशकॉश ह्या गावी तिचं मोठं ठाणं झालं. ही संस्था मोठ्या माणसांसाठी कार्यशाळा भरवत आली आहे. बहुधा शनिवार-रविवार, दोन दिवसांच्या. तिथे नुसतं ऐकत बसायचं नाही. मास्तर थोडं सांगतात, मग काम प्रत्येकाच्या हातात देतात.

चला, आपण मनाने त्या वर्गात जाऊ.

एका टेबलावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आहे. तो मोजायचा, खूण करायची, भोक पाडायचं. भोकाच्या काठाला बारीक धार उरते. ती तासून काढायची. का? तशीच ठेवली तर हादऱ्यांनी तिथूनच पत्र्याला चीर जाते.

मग दोन पत्रे रिव्हेटने जोडायचे. कढईचा कान रिव्हेटने बसवलेला असतो, तो आपण पाहिलेलाच आहे. इथे दोघं लागतात. एकजण डोक्यावर हवेच्या यंत्राने ठोके देतो. दुसरा मागून लोखंडाचा जड ठोकळा दाबून धरतो. मागचं टोक चेपतं. ते किती चेपावं, ह्याचं माप ठरलेलं आहे. रिव्हेट जेवढी जाड, त्याच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच. माप बसलं नाही तर रिव्हेट काढायची आणि नवी ठोकायची. एका विमानात अशा हजारो रिव्हेट असतात.

'राहू दे, चालतंय' हे तिथे चालत नाही. वाटेत गाडी मोडली तर आपण खाली उतरतो. आभाळात कुठे उतरणार?

दुसऱ्या टेबलावर कापड आहे. काही विमानांच्या सांगाड्यावर कापड चढवतात. ते कडांना चिकटवायचं आणि वरून इस्त्री फिरवायची. कापड आकसून डफासारखं ताठ होतं. पण आधी इस्त्रीची उष्णता मोजून घ्यावी लागते. ती फार तापली तर कापड बिघडतं.

आता अक्षरांची गोष्ट ऐका. नकाशा वाचता आला नाही तर पहिला पत्रासुद्धा कापता येत नाही. शिवाय तिथला कायदा सांगतो की, घरी बांधलेल्या विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतःच्या शिकण्यासाठी किंवा विरंगुळ्यासाठी केलेलं असावं. ते दाखवायला वही ठेवतात. अमुक तारखेला अमुक काम केलं, असं लिहितात. फोटो लावतात. सरकारी तपासनीस विमान तपासतो आणि वहीही बघतो. मग परवाना मिळतो. त्यानंतरही काही काळ नेमून दिलेल्या भागातच उडवून पाहायचं. तोवर उतारू घ्यायचा नाही.

आपल्याकडेही असं घडलं आहे. वैमानिक अमोल यादव ह्यांनी मुंबईत, कांदिवलीला, इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. २०१६ साली मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंद झाली. गच्चीवरच्या कामालाही कागद लागलेच.

आपण सगळ्यांनी विमानं बांधावीत असं आमचं म्हणणं नाही. पण विहिरीवरचा पंप जोडताना, छपराचा पत्रा ठोकताना हीच रीत कामाला येते. आधी मोजावं. झालेलं काम दुसऱ्या जाणत्याला दाखवावं. तो चूक दाखवील तर राग मानू नये. आणि काय केलं ते लिहून ठेवावं.

आता आपल्याला लिहिता येतं. घरी जाल तेव्हा एक वही काढा. आज केलेलं एक काम तारीख घालून त्यात लिहा. उद्या वर्गाला येताना ती वही घेऊन या. आपण सगळे मिळून वाचू.