एक ‘एल’ की दोन?

आज एका बगची गोष्ट सांगतो. बग माझाच होता, त्यामुळे बिनधास्त हसा.

आमच्या अ‍ॅपमध्ये ऑर्डर रद्द झाली की तिचं स्टेटस ‘कॅन्सल्ड’ व्हायचं. एक टीम त्यात दोन ‘एल’ लिहायची, म्हणजे ब्रिटिश पद्धत, आपण शाळेत शिकलो ती. दुसरी टीम अमेरिकन पद्धतीनं एकच. माणसाच्या हे लक्षातही येत नाही, पण कॉम्प्युटर अक्षर न अक्षर जुळवतो. रिफंडचा कोड फक्त दोन ‘एल’ शोधायचा, आणि एक ‘एल’वाल्यांचे पैसे अडकायचे. एक ताई फोनवर म्हणाल्या, “अहो, मुलीच्या फीचे पैसे आहेत ते!”

मी घाईघाईत ‘सारख्या अर्थाच्या शब्दांची’ यादी केली. दोन्ही कॅन्सल्ड घातले आणि जोडीला ‘क्लोज्ड’ पण. इथेच माती खाल्ली! आमच्याकडे ‘क्लोज्ड’ म्हणजे माल पोचला, व्यवहार संपला. टेस्टिंगमध्ये माल मिळालेल्यांनाही रिफंड निघायला लागले. नशीब, लाइव्ह जायच्या आधीच सीनिअरनं पकडलं.

गोची काय झाली होती? दोन स्पेलिंगं म्हणजे एकाच शब्दाचे दोन कपडे. ‘कलर’मध्ये ‘यू’ घाला किंवा काढा, ‘ग्रे’मध्ये ‘ई’ लिहा किंवा ‘ए’, शब्द तोच. समानार्थी शब्द मात्र वेगवेगळी माणसं असतात. ‘बिग’ आणि ‘लार्ज’ दोन्ही मोठेच. पण ‘बिग ब्रदर’ म्हणजे थोरला भाऊ, ‘लार्ज ब्रदर’ म्हटलं तर तो जाडा वाटेल.

मराठीतही तेच. जुन्या पुस्तकातलं ‘कांहीं’ आणि आपलं ‘काही’ एकच. पण ‘पाणी’ आणि ‘जल’? घरी आलेल्या मित्राला “जल देऊ का?” विचारून बघा!

म्हणून माझी साधी टेस्ट: शब्द बदलून वेगवेगळी वाक्यं वाचा. सगळीकडे अर्थ आणि उच्चार तसाच राहिला, तर फक्त स्पेलिंगचा फरक. कुठे चालतो, कुठे खटकतो, तर समानार्थी.

एक सापळा मात्र आहे. बँकेचा ‘चेक’ आपण ‘क्यू’नं लिहितो, अमेरिकन लोक ‘सी-के’नं. पण ‘तपासणे’ या अर्थाचा ‘चेक’ दोन्हीकडे ‘सी-के’च! म्हणजे सरसकट ‘रिप्लेस ऑल’ दाबायचं नाही. आधी अर्थ बघायचा.

शेवटी मी यादीतून ‘क्लोज्ड’ काढला, दोन्ही कॅन्सल्ड एकाच कोडखाली आणले. ताईंचे पैसे गेले. तुम्हाला अशी कुठली जोडी फसवते? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!