बोंडअळीचा विषाणू : मुद्दल किती, व्याज केव्हा
(जिल्हा बैठकीत कापूस-ज्वारी उत्पादकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



विषाणू म्हटलं की आपल्याला लाळ्या-खुरकूत आठवतो, २०२२ साली गोठ्यांत शिरलेला लम्पी आठवतो, कोरोना आठवतो. आज आम्ही ज्या विषाणूबद्दल बोलणार आहोत तो आपल्या बाजूचा आहे. हरभऱ्यावर जिला आपण घाटेअळी म्हणतो, पऱ्हाटीवर हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी म्हणतो आणि जी ज्वारीच्या कणसातही सापडते, ती एकच अळी. तिला होणारा हा रोग. दुकानात तो एच.ए.एन.पी.व्ही. या नावाने बाटलीत मिळतो.

तुमच्यापैकी बहुतेकांनी हा रोग पाहिलेला आहे, फक्त नाव ठाऊक नव्हतं. हरभऱ्याच्या शेंड्याला अळी मागच्या पायांनी धरून उलटी लटकलेली असते. आधी पिवळट, मग काळी. बोट लावलं की कातडी फाटते आणि आतून पाणी गळतं. पुष्कळ जण म्हणतात, अळी उन्हानं मेली. उन्हानं मेलेली अळी वाळते, पाणी होत नाही. हे पाणी म्हणजेच विषाणू.

गेल्या काही हंगामांत या बाटल्यांबद्दल बैठकांमधून दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, फुकटचा पैसा गेला, अळी तशीच चरत राहिली. दुसरा म्हणतो, एकदा मारलं आणि परत पंप उचलावा लागला नाही. दोघंही खरं सांगतात. फरक कशामुळे पडतो हे कळायचं असेल तर हा विषाणू अळीच्या पोटात काय करतो ते नीट समजून घ्यावं लागेल.

विषाणू खात नाही, श्वास घेत नाही, एकटा असताना वाढत नाही. तो म्हणजे एक हुकूमनामा, प्रथिनाच्या वेष्टणात गुंडाळलेला. या आपल्या विषाणूच्या एका चिनी जातीचा हुकूमनामा २००१ साली पूर्ण वाचून झाला. त्यात सुमारे १ लाख ३१ हजार अक्षरं आहेत आणि १३५ जनुकं असावीत असा हिशेब निघाला. आता असं समजा, की तुमच्या तालुक्याच्या जिनिंगमध्ये रात्री कोणी घुसला, मालकाचे कागद बाजूला सारले आणि आपला कागद चिकटवला. यंत्रं तीच, वीज तीच, मजूर तेच, आणि सकाळपासून गठाण निघते ती त्या चोराच्या नावाची. कच्चा माल एकाचा, राबणूक एकाची आणि माल दुसऱ्याचा, ही व्यवस्था शेतकऱ्याला जास्त समजावून सांगायची गरज नाही.

पण हा चोर आत शिरतो कसा? पानावर पडलेला विषाणू उघडा नसतो. शेकडो जण एका घट्ट स्फटिकात बंद असतात, मुरंब्याच्या पाकात फोडी असाव्यात तसे. अळी पान खाते, स्फटिक पोटात जातो. अळीचं आतडं फार अल्कधर्मी असतं, चुन्याच्या निवळीसारखं म्हणा. त्या पाण्यात स्फटिक विरघळतो आणि विषाणू मोकळे होतात. माणसाचं पोट आम्लाचं आहे, तिथे हे घडत नाही. शिवाय या कुळातले विषाणू कीटक आणि त्यांचे भाऊबंद सोडून कुणाच्या पेशीत वाढत नाहीत. हा विषाणू मधमाशीला नाही, बैलाला नाही, फवारणाऱ्यालाही नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता जी माणसं दगावली, ती आठवली म्हणजे या एका वाक्याची किंमत कळते.

आता पुढचा भाग मन लावून ऐका, कारण सगळी मेख इथे आहे. आतड्याच्या पेशीत शिरलेला विषाणू थेट केंद्रकात जातो. तिथे तो आपले सगळे हुकूम एकदम सोडत नाही. पहिल्या पाळीत मोजकेच हुकूम निघतात आणि ते अळीच्याच यंत्राने वाचले जातात. त्यातून विषाणू स्वतःची नक्कल काढायचं यंत्र तयार करतो आणि पुढचे हुकूम वाचायचं आपलं वेगळं यंत्रही तयार करतो. हुकूमनाम्याच्या नकला निघाल्यावरच दुसरी पाळी सुरू होते. तिच्यात वेष्टणं बनतात, नकला भरल्या जातात आणि विषाणू पेशीच्या भिंतीतून कोंबासारखे फुटून बाहेर पडतात. हे स्फटिकाविना असतात. ते अळीच्या रक्तातून आणि श्वासनळ्यांतून अंगभर पसरतात, चरबीत शिरतात, पेशीमागून पेशी पकडतात. तिसरी पाळी सगळ्यात शेवटी. तेव्हा स्फटिकाचं प्रथिन प्रचंड प्रमाणात बनतं आणि नव्या विषाणूंना बाहेर न सोडता केंद्रकातच बांधून टाकलं जातं.

हा क्रम चुकला तर सगळं फसतं. स्फटिक आधी बनले असते तर विषाणू एका पेशीत अडकून पडला असता आणि अळी वाचली असती. स्फटिक बनलेच नसते तर अळी मेल्यावर उघडा विषाणू उन्हात तासाभरात संपला असता. प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात, नुसत्या पेशींवर हा विषाणू पिढ्यान् पिढ्या वाढवला तर तो हळूहळू स्फटिक बनवायचं सोडतो. बरोबरच आहे, काचेत ऊन नाही, पाऊस नाही, मग घर बांधतो कशाला? म्हणूनच बाटलीतला माल आजही जिवंत अळ्यांमध्ये तयार करावा लागतो. आणि या अळ्या एकमेकींना खातात, त्यामुळे प्रत्येकीला वेगळं खण द्यावं लागतं. किंमत वाढते ती या मजुरीपायी.

अळीही गप्प बसत नाही. विषाणू शिरलेली पेशी स्वतःचा जीव देऊ पाहते, म्हणजे आतला माल तिच्याबरोबर जावा. विषाणूकडे ही आत्महत्या थांबवणारी जनुकं आहेत. कात टाकताना अळी आतड्याच्या रोगट पेशीही झटकून देते. त्यावर विषाणूचा एक हुकूम असा आहे की कात टाकायला लावणारं अळीचं संप्रेरकच तो निकामी करतो. मग अळी कात टाकत नाही, खात राहते, आणि विषाणूला जास्त दिवस जास्त माल मिळतो. झाडावरच्या दुसऱ्या एका अळीवर २०११ साली झालेल्या कामात असं दिसलं की मरण्यापूर्वी शेंड्याकडे चढायला लावणारं जनुकही हेच आहे. शेवटी दोन विकरं अळीचं मांस आणि कातडी विरघळवतात. शेंड्यावर लटकलेली अळी फुटते, खालच्या पानांवर ठिबकते, आणि पुढच्या अळ्यांचं जेवण तयार होतं. पक्षी असली अळी खातो, तर स्फटिक त्याच्या विष्ठेतून जसाच्या तसा बाहेर येतो. शेतात पक्ष्यांना बसायला काड्या रोवा असं सांगतात, त्याचा हा एक न बोललेला फायदा.

आता हिशेबाकडे येऊ. रासायनिक औषध म्हणजे रोख रक्कम. टाकलं तेवढंच, दुसऱ्या दिवशी कमीच. बीटीचं प्रथिनही तसंच, ते पोटात वाढत नाही. विषाणू हे व्याजानं लावलेलं मुद्दल आहे. चक्रवाढ व्याज आपल्याला सावकारानं चांगलं शिकवलंय, पण ते चढायला वेळ लागतो हेही शिकवलंय. बारीक अळी पाच ते सात दिवसांत मरते. मोठी अळी जास्त दिवस काढते, तिला मात्राही कितीतरी पट लागते, आणि तोवर ती बोंड पोखरून मोकळी होते. ज्यांचे पैसे फुकट गेले त्यांतल्या बहुतेकांनी बोंडाला भोकं दिसल्यावर फवारणी केली होती. फवारायचं ते अंडी फुटताना, अळी सुतासारखी असताना.

दुसरा शत्रू ऊन. स्फटिकाचं घर असलं तरी कडक उन्हात एक-दोन दिवसांत विषाणूचा बराचसा जोर जातो. म्हणून फवारणी संध्याकाळी, आणि द्रावणात राणीपाल. कपडे पांढरे दिसावेत म्हणून जे राणीपाल घालतो तेच. उन्हातली घातक किरणं ते स्वतःवर घेतं. चिकट द्रव आणि थोडा गूळही घालतात. मात्र चुन्यासारखं अल्कधर्मी काही मिसळू नका, स्फटिक पंपातच विरघळेल.

पऱ्हाटीबाबत आम्ही खोटी आशा दाखवणार नाही. कपाशीच्या पानावरचं दव अल्कधर्मी असतं, पानातली काही द्रव्यंही विषाणूच्या आड येतात. हरभऱ्यावर जसा गुण येतो तसा कपाशीवर येत नाही, म्हणून तिथे मात्रा जास्त लागते. आणि गुलाबी बोंडअळीवर हा विषाणू काहीही काम करत नाही. ती बोंडाच्या आत राहते हे एक, आणि तिच्या पेशीत हा हुकूमनामा चालत नाही हे दुसरं. गुलाबी अळीसाठी कुणी ही बाटली गळ्यात मारत असेल तर सरळ परत करा.

ज्वारीची गोष्ट वेगळी आहे. ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँड भागात, ज्वारीच्या कणसातल्या या अळीसाठी विषाणूच मुख्य औषध होऊन बसलं आहे. पतंग फुलोऱ्याच्या आसपास थोड्या दिवसांत अंडी घालतो, त्यामुळे सगळ्या अळ्या साधारण एका वयाच्या असतात आणि एका फवारणीत सापडतात. त्यातल्या पहिल्या मेलेल्या अळ्या कणसातच फुटून मागच्यांना लागण देतात. खरीप ज्वारीच्या गच्च कणसात आपण हा प्रयोग का करत नाही? कारण ज्वारीला भाव नाही, म्हणून ज्वारीवर खर्च नाही. मुद्दा विज्ञानाचा राहत नाही, भावाचा होतो.

भाव म्हणजे काय करतो ते अमेरिकेतही दिसलं. बोंडअळीवरच्या अशाच विषाणूला तिथे १९७५ साली परवानगी मिळाली. पाठोपाठ पायरेथ्रॉइड औषधं आली, झटपट मारणारी, आणि विषाणू काही वर्षांत बाजारातून गेला. आपल्याकडे १९८७-८८ मध्ये आंध्रात अळी पायरेथ्रॉइडला दाद देईना, तेव्हा त्याची आठवण झाली.

विषाणूलाही अळी सरावणार नाही असं कुणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. जर्मनीत सफरचंदाच्या बागांमध्ये २००५ च्या सुमारास तसं घडलं. तिथले सगळे माल मेक्सिकोत सापडलेल्या एकाच वाणाचे होते. एकाच वाणावर सगळा मुलूख उभा केला की काय होतं, हे कपाशी पेरणाऱ्याला माहीत आहे. म्हणून आपल्याच शिवारात आपोआप मेलेल्या अळ्या गोळा करून ठेवणं हे काम गावातच व्हायला हवं.

ते करताना मोजणीत गफलत होते. शिफारस हेक्टरी २५० ते ५०० एल.ई. अशी असते, आणि लोक समजतात अडीचशे मेलेल्या अळ्या. एक एल.ई. म्हणजे ६०० कोटी स्फटिक. २५० एल.ई. म्हणजे दीड लाख कोटी. चांगली वाढलेली, पूर्ण रोगट अळी तेवढे देते, सुतासारखी मेलेली अळी त्याच्या पासंगालाही पुरत नाही. बाटलीवरही हाच गुणाकार करा. मिलिलिटरमध्ये स्फटिक किती लिहिलेत, बाटली किती मिलिलिटरची, आणि एल.ई. किती छापलेत, तिन्ही जुळतात का पाहा. आमच्या पाहण्यात न जुळणाऱ्या बाटल्या आल्या आहेत. एका दुकानात तर ऊन लागेल अशा फळीवर मांडलेल्या.

आपल्या स्वतःच्या शेतासाठी द्रावण करून वापरायला १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात कलम ३८ ने सूट ठेवली, विकायला मात्र नोंदणी लागते. म्हणून या बैठकीत आमची मागणी एवढीच आहे. हे स्फटिक साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, मोजता येतात. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रातला सूक्ष्मदर्शक आठवड्यातून एक दिवस शेतकऱ्याची बाटली आणि शेतकऱ्याचं द्रावण मोजायला मोकळा हवा, आणि आकडा लेखी मिळायला हवा. ज्या गावांना हे हवं आहे त्यांनी जाण्यापूर्वी आपल्या गावाचं नाव आणि हरभऱ्याखालचं क्षेत्र मंचाजवळच्या वहीत लिहावं.