शिक्षेची मर्यादा आणि शिक्षकाचे कर्तव्य



शंभर वर्षे नाना मतांचे ग्रंथ एकाच छताखाली नांदविणाऱ्या या संस्थेत अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मर्यादेविषयी बोलणे अप्रस्तुत ठरू नये.

नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या बाराबू गावचे एक छायाचित्र जगभर पोहोचले. शाळेच्या नृत्यसमारंभापूर्वी, न्यायालयाच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी नाझी सलामीसारखा हात उंचावला होता. ज्या राजवटीने साठ लाख ज्यूंचा संहार केला, तिची ती खूण! अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या घटनादत्त हक्कामुळे आपण शिक्षा करू शकत नाही, असे शाळा-प्रशासनाने कळविले.

या भूमिकेला कायद्याचा आधार होता. १९६९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळी फीत बांधणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला. अध्यापनात मोठा व्यत्यय किंवा इतरांच्या हक्कांवर आक्रमण होत असेल, तरच शाळेने आवर घालावा, असे त्या निर्णयाचे सार आहे. शाळेच्या आवाराबाहेर तर तिचा अधिकार अधिकच आखडतो. उलट जर्मनीत, जाहीरपणे अशी सलामी देणे हा कारावासास पात्र गुन्हा आहे. ज्या समाजाने जे भोगले, त्यानुसार त्याने आपली सीमारेषा आखली.

आपल्याकडे १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील तीन मुलांना न्याय दिला. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. म्हणून त्यांना शाळेतून काढले होते. त्यांच्या मौनाने कोणाचा अवमान होत नव्हता. सलामीचा तो हात मात्र शेजारच्या बाकावरील सहाध्याय्याला परका ठरवितो. हा भेद विसरता कामा नये.

तथापि शिक्षा करता येत नाही, एवढ्याने शाळेचे कर्तव्य संपते काय? मला तसे वाटत नाही. कायदा शाळेच्या हातातील छडी काढून घेतो. खडू काढून घेत नाही. या कृत्याचा अर्थ काय, त्याने कोण दुखावले, हे वर्गात उभे राहून सांगण्यास कोणत्याही न्यायालयाची आडकाठी नाही. केवळ शिक्षेने मुले हात खाली घेतील. पण तो का उंचावू नये, हे त्यांना कळणार नाही.

ते कळण्यासाठी ग्रंथ हवेत. वयाच्या पंधराव्या वर्षी अटक होऊन पुढे छळछावणीत मरण पावलेल्या अ‍ॅन फ्रँकची रोजनिशी मराठीतही उपलब्ध आहे. आपल्या मुलांच्या हाती ती वेळेवर पडावी, एवढीच या शताब्दीच्या निमित्ताने पालक-सभासदांना विनंती.