हक्क सोडायचा कागद



ताराबाई शिंदे यांच्या बुलढाण्यात आपलं हे संमेलन भरलं आहे. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांनी समस्त बायकांच्या चारित्र्याचा पंचनामा मांडला. त्या संतापातून पुढच्याच वर्षी ताराबाईंचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक आलं. दोष मोजायचेच तर दोघांना माप एकच लावा, हे त्यांचं म्हणणं. टीकेची झोड उठली, तेव्हा जोतीराव फुले आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेतून त्यांच्या बाजूने उभे राहिले.

परवा या संमेलनाच्या तयारीच्या बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने विचारलं, “ताई, समतावाद म्हटलं की त्यात स्त्रीवाद आलाच ना? मग वेगळा शब्द कशाला?” प्रश्न प्रामाणिक होता. मी त्याला माझंच सांगितलं.

महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हिस्सा दिला. वडील गेल्यावर माझंही नाव सातबाऱ्यावर लागलं. महिनाभरात हक्कसोडपत्र पुढ्यात आलं. कुणी धाक दाखवला नाही. पण माहेरचा उंबरा, भाऊबीज, मुलांचं आजोळ, सगळं त्या एका सहीवर टांगलेलं होतं. मी सही केली. आजही ती सलते.

समतेच्या हिशेबात इथे काही चुकलं नाही. हिस्सा सारखा होता, सही राजीखुशीची. स्त्रीवाद मात्र विचारतो, हा कागद बहिणीपुढेच का येतो? भावापुढे कधीच का येत नाही? जोतीरावांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहिताना नुसतं ‘मनुष्य’ म्हणून भागवलं नाही, ‘स्त्री-पुरुष’ असं आवर्जून लिहिलं. नाव घेतलं नाही तर बाई समतेतूनही गळते, हे त्यांना दिसलं होतं.

पण समतावादाचाही आम्हा स्त्रीवाद्यांना जाब आहे आणि तो मला जास्त टोचतो. जिच्या बापाकडे गुंठाभर जमीन नव्हती, तिने कोणता हक्क सोडायचा? दलित भगिनींनी हा प्रश्न स्त्री चळवळीला वारंवार विचारला. आम्ही तो उशिरा ऐकला.

सध्या कापूस वेचणीचे दिवस आहेत. किलोवर मजुरी मिळते, म्हणजे न वेचलेला दिवस कोरडा. तरीही आजूबाजूच्या गावांतून, जमिनीचा तो प्रश्न ज्यांचा आहे त्या शेतमजूर बाया रोज बुडवून आल्या आहेत. पहिल्या दोन रांगा त्यांच्यासाठी राखल्या आहेत. बायांनो, मागे उभ्या राहू नका, पुढे या.