घराण्यात कुणाला होता का?

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



'आपला फराळ फंड' या विषयावर मला पाच मिनिटं बोलायला सांगितलं आहे. बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस, म्हणून हिशेब आधी सांगतो. २०१५ च्या दिवाळीत गेटजवळ एक टेबल टाकून आम्ही घरच्यांनी चकली, कडबोळी आणि अनारसे विकले. खर्च वजा जाता ११,४०० रुपये उरले. मागच्या दिवाळीत सहा टेबलं होती आणि ८६,२५० रुपये जमले. पावतीपुस्तकं ऑफिसात आहेत, कुणीही बघावीत. पण हा फंड आमच्या घरातून का सुरू झाला, ते मी माइकवरून कधी सांगितलं नव्हतं. आज सांगतो.

१९६६ साली मी मॅट्रिकला असताना माझी आई गेली. वय बेचाळीस. गाठ तिने वर्षभर कुणाला दाखवली नव्हती. आमच्या गावी, साताऱ्याकडे, "छातीचं दुखणं होतं" एवढंच बोललं गेलं. पुढे १९९१ मध्ये माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, तेच झालं. परळला टाटा हॉस्पिटलात ऑपरेशन झालं आणि ती आणखी सात वर्षं जगली. पण शेजारीपाजारी आम्ही सांगितलं, पोटाचं ऑपरेशन. तिच्या मुलींची लग्नं व्हायची होती ना! माझ्या मुलीलाही तेच सांगितलं.

२००८ साली मुलीच्या ऑफिसात आरोग्यतपासणी होती. तिने फॉर्म भरता भरता फोन केला, "बाबा, आपल्या घराण्यात कुणाला कॅन्सर होता का?" मी म्हणालो, "नाही गं, आपल्याकडे तसं काही नाही." तिने 'नाही' लिहिलं.

२०१४ मध्ये तिला गाठ लागली. वय अडतीस. डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला तेव्हा मी शेजारच्या खुर्चीत होतो. या वेळी खरं सांगितलं. मुलीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. डॉक्टर म्हणाल्या, हे आधी कळलं असतं तर तपासण्या लवकरच्या वयातच सुरू करता आल्या असत्या.

रक्ततपासणीत तिच्यात बीआरसीए-१ या जीनमधला दोष निघाला. मग माझं रक्त तपासलं. माझ्यातही तोच. म्हणजे आजीचा वारसा नातीकडे गेला तो माझ्यामार्फत! हा दोष आई किंवा वडील, कुणाकडूनही येऊ शकतो, आणि प्रत्येक मुलाला किंवा मुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. मला वाटायचं, बायकांचा आजार, पुरुषांचा काय संबंध? हा जीन शास्त्रज्ञांना नेमका सापडला १९९४ साली. अक्काच्या वेळी अशी तपासणीच नव्हती. पण "माझ्या आईला होता, बहिणीला होता" हे मुलीला सांगायला कुठली तपासणी लागत नव्हती.

मुलगी आज बरी आहे, समोरच बसली आहे. तिच्या परवानगीनेच बोलतोय. अक्काच्या दोन्ही मुलींना मी स्वतः घरी जाऊन सगळं सांगितलं. नातीला तिच्या आईने सांगितलं. तपासणी करायची की नाही, ते ती ठरवेल.

फंडाची कल्पना मुलीचीच. पहिल्या वर्षी बोर्डावर मी लिहिलं होतं, 'स्त्रियांच्या आरोग्यासाठी'. तिने ते खोडून लिहिलं, 'स्तनाच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी'. मला कानकोंडं झालं. पण त्याच संध्याकाळी दोन बायका सौ.ला बाजूला घेऊन आपल्या घरचं सांगून गेल्या.

पैसे जातात कुठे? आपल्याकडे घरकामाला, स्वयंपाकाला येणाऱ्या महिला आणि वॉचमनच्या घरच्या महिला यांच्यासाठी. दर दोन वर्षांनी प्रशिक्षित नर्स सोसायटीच्या ऑफिसात येऊन हाताने तपासणी करते. शंका आली तर मॅमोग्राफी, सोनोग्राफीचा खर्च आपण देतो. तपासणीला गेलं की कामाला खाडा पडतो, म्हणून त्या दिवसाचे पैसेही देतो.

काहीजण विचारतात, नुसत्या हाताने तपासून काय होणार? टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखाहून जास्त महिलांचा अभ्यास केला. त्यातल्या साधारण निम्म्यांची दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा, आरोग्यसेविकांनी हाताने तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पन्नाशीच्या आतल्या महिलांत मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही, पण पन्नाशी आणि त्यापुढच्या महिलांत या आजाराचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. मोठं मशीन नाही, शिकवलेले हात. ते आपल्या फराळाच्या पैशात बसतं.

आणखी एक. आमच्यासारखी घराणी थोडी. स्तनाचे शंभर कॅन्सर घेतले तर पाच ते दहाच आनुवंशिक असतात. म्हणून "आमच्याकडे कुणाला नव्हता" म्हणून कुणी निर्धास्त राहू नये.

आता माझी विनंती. यंदा फराळ तर घ्याच, रौप्यमहोत्सव आहे, दोन किलो जास्त घ्या! पण घरी गेल्यावर एक कागद काढा. आई, आजी, मावशी, आत्या, आजोबा, काका, कुणाला काय आजार होता आणि कितव्या वर्षी, ते लिहा. माहेरचं आणि सासरचं, दोन्हीकडचं. ज्या फाइलमध्ये शेअर सर्टिफिकेट आणि नॉमिनेशनचा फॉर्म ठेवता, त्यातच तो ठेवा आणि मुलांना दाखवा. फ्लॅट कुणाच्या नावे जाणार ते आपण काळजीपूर्वक लिहून ठेवतो. हेही लिहा.

मुलीने फोनवर विचारलं तेव्हा मला हे जमलं नाही. तुम्हाला जमेल.